वजूच्या पाण्यावर चिडणारा जिन्न

जुम्म्याची नमाज संपली की शारजाच्या रोल्ला भागात आमिलसाहेबांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नसे. असल्या झाडफुकीला तिथं बंदी, म्हणून पोलिसांच्या भीतीनं आमिलसाहेब सगळ्यांच्या चपलासुद्धा आत घ्यायला लावत. जिन्न उतरवणारा माणूस पोलिसाला घाबरतो, हे कुणालाच खटकत नव्हतं.

त्या दिवशी गर्दीच्या मधोमध उभे होते माझे शौकतमामू. गाव दापोलीकडचं, शारजाच्या औद्योगिक भागात एकवीस वर्षं गाड्यांची इंजिनं खोलणारे. सात महिने झाले, घरच्या बेसिनवर वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुताना, तोंडावर पाणी मारलं की ते धाडकन पडत. मशिदीत मात्र एकदाही पडले नव्हते. निदान एवढ्यावरूनच झालं होतं.

"समुद्रावरचा जिन्न आहे!" आमिलसाहेब गरजले. "मशिदीत यायची त्याची टाप नाही. घरी वजूचं पाणी दिसलं की भडकतो. शौकतभाई, पाय जोडा. डोळे मिटा."

मामूंनी डोळे मिटले, दोनदा डुलले आणि कोसळले. चौघांनी झेललं.

"आता उठा. माझ्या नजरेत बघा." मामू उभे राहिले, हलले नाहीत. "देखा? माझ्या नजरेनं बांधला त्याला!"

"सुब्हानल्ला!" मैमुनाबी मामीनं ओढणी डोळ्यांना लावली.

मी फिजिओथेरपिस्ट. ही तर रोम्बर्गची चाचणी! रोम्बर्ग हा बर्लिनचा डॉक्टर, पंचवीस वर्षं गरिबांवर उपचार करणारा. पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्यानं मज्जासंस्थेच्या रोगांवर जाडजूड पुस्तक लिहिलं. रोग्याला उभं करा, डोळे मिटायला सांगा, तो डोलतो का बघा, असं त्यात आहे. आजही आम्ही ती त्याच्याच नावानं करतो. त्यानं पाहिलेल्या रोग्यांना तेव्हा इलाज नव्हता, आणि तसं त्यानं सरळ लिहून टाकलं. आमिलसाहेबांनी तसं कधी कबूल केलं नसतं.

मी पुढे गेले. "मामू, आता त्या फ्रिजकडे बघत उभे राहा."

मामू फ्रिजकडे बघत ताठ उभे.

"यांचा जिन्न फ्रिजलापण घाबरतो," मी म्हणाले. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

मग त्यांना खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि पायाचा अंगठा चिमटीत धरून वर-खाली केला. "मामू, अंगठा वर आहे की खाली?"

"तू हात लावलास का गं अजून?" मामूंनी विचारलं.

आता कुणी हसलं नाही.

"पायांची खबर मेंदूपर्यंत जात नाहीये," मी सांगितलं. "म्हणून मामू डोळ्यांच्या भरवशावर उभे राहतात. तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की खलास. मशिदीत आपण नळासमोर ओट्यावर बसून वजू करतो. बसलेला माणूस कशाला पडेल?"

आमिलसाहेब म्हणाले, "बीबी, तेच तर! जिन्न नसांतच बसलाय!"

"सुब्हानल्ला," खोली पुन्हा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मामूंना ओढतच हॉस्पिटलला नेलं. रक्तात नसांना लागणारं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व जवळपास नव्हतंच. खाल्लेलं त्यांच्या पोटात शोषलंच जात नव्हतं. साधी इंजेक्शनं लागतात. "आता आहे तिथं थांबेल," डॉक्टर म्हणाले. "गेलेलं परत यायची आशा फार कमी. सुरुवातीलाच आला असतात तर..."

आणि मी? ईदला मामूंना भिंत धरून चालताना पाहिलं होतं. वय झालं म्हणून चिडवलं त्यांना. ती लाज माझ्या मनातून जात नाही.

मामूंना काम जमेना, तेव्हा गॅरेजनं व्हिसा रद्द केला; आता गावी परतणं आलं. सामान बांधता बांधता मामी हळूच म्हणाली, "फिरदोस, निघायच्या आधी एकदाच आमिलसाहेबांकडे नेऊ का गं? डॉक्टर नाही म्हणतात. ते तरी नाही म्हणत नाहीत."

मला तिचा राग आला नाही, रडू आलं. तिला देण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. तुमच्याकडे अजून वेळ असेल, म्हणून लिहितेय. घरात कुणाचे पाय कापसावर पडल्यासारखे वाटत असतील, तोंड धुताना तोल जात असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या. दुवा मागा, मीही मागते. पण आमच्यासारखे सात महिने घालवू नका.