तिथी नसलेला प्रवासी

मॉन्ट्रियलच्या विमानतळाच्या मागच्या अंगाला खासगी विमानं उभी राहतात. तिथे ते पांढरं जेट तेवीस दिवस निघायच्या तयारीत उभं होतं.

गंधार त्याचा कॅप्टन. मूळचा नागपूरचा, घर कॅनडातच रिचमंड हिलला आणि नोकरी बीजिंगच्या एका कंपनीत. श्रीमंतांची विमानं सांभाळणं हा त्या कंपनीचा धंदा. सहा आठवडे काम, महिनाभर घरी, असा त्याचा करार. पन्नाशीला टेकलेल्या पायलटला हे गेलं तर दुसरीकडे कुणी उभं करणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

विमानाचे मालक फांग देमिंग. सगळे त्यांना चेअरमनसाहेब म्हणत. विमान देखभालीसाठी इथे आलं होतं, आणि साहेब इथूनच परत चढणार होते. ते कॅनडात उतरले, हॉटेलात गेले, इथपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढचं कुणी बोलत नव्हतं.

रोज सकाळी बीजिंगहून निरोप यायचा, साहेब दहाला येतील. मग सगळं साग्रसंगीत सुरू व्हायचं. शेपटाजवळचं लहान इंजिन चालू करायचं, केबिन बावीस अंशांवर आणायची, प्रवाशांच्या यादीत ते एकच नाव छापायचं. दुपारी दोनला दुसरा निरोप यायचा, उद्या. इंधन भरणारा म्हातारा रोज "बोंझूर" करून विचारायचा, आज तरी निघताय का? मुळं फुटतील बघा तुमच्या विमानाला.

केबिन सांभाळायला लिन नावाची मुलगी होती, कुठल्याशा डोंगराळ खेड्यातली, कमी बोलणारी. ती उजवीकडच्या पहिल्या, साहेबांच्या खुर्चीपुढे कापडी सपाता मांडायची आणि झाकणाच्या कपात चहा ओतायची. दोन वाजता आवरायला गेली की कप रिकामा असायचा.

गंधारला आधी वाटलं, हीच पिऊन टाकत असेल. मग एके दिवशी तो मुद्दाम समोरच्या खुर्चीत बसून राहिला. लिन मागे चादरी घडी करत होती, को-पायलट झाओ खाली चाकांपाशी होता. केबिनमध्ये चिटपाखरू नव्हतं. दोन वाजता त्याने कप उचलला, तर हाताला हलका लागला. तळाशी नुसती ओली पानं. विमानातली हवा कोरडी असते, आटला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पण त्या खुर्चीकडे पाठ करून काही त्याला कॉकपिटमध्ये जाववेना.

झाओला सांगितलं, तर तो हसलासुद्धा नाही. म्हणाला, तुमच्या आधी इथे पहिले चार दिवस होता तो ऑस्ट्रेलियन कॅप्टन म्हणाला होता की खुर्चीत कुणी नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात घरचं तिकीट ठेवलं. तेव्हा तुम्ही आपलं हवामान बघा.

अशात बाविसाव्या दिवशी अमावस्या आली. आदल्या दिवशी बायकोचा, जाईचा फोन आला होता. "अहो, उद्या सर्वपित्री. मी इथे पान वाढतेच आहे, पण तुम्हीही जेवायच्या आधी घास बाजूला काढा. आणि नुसता बाबांचाच नको. ज्यांची तिथी कुणाला माहीत नाही, त्यांचाही."

गंधारने हॉटेलच्या खोलीत लहानशा कुकरवर भात लावला, दही कालवलं, डबा विमानात आणला. कावळ्यासाठी बाहेर ठेवावं, तर विमानतळावर पक्ष्यांना दाणा टाकायची बंदी. मग त्याने कागदी बशीत दोन घास काढले, जाईने बॅगेत घातलेले काळे तीळ वर टाकले आणि बशी त्या रिकाम्या खुर्चीपुढच्या टेबलावर ठेवली. एक घास वडिलांचा. दुसरा ठेवताना त्याच्या मनात दुसऱ्या कुणाचं नाव येईना. हात जोडून तो हळूच "फांग देमिंग" म्हणाला. जिवंत असतील तर हे किती अशुभ, हे त्याला नंतर सुचलं.

दुपारी दोनला कप काठोकाठ भरलेला होता. चहावर तवंग धरला होता. लिनने तो कप उचलला. मग बशीकडे बघून तिने झाओला काहीतरी विचारलं, आणि झाओने गंधारला. गंधारने लपवलं नाही. आमच्याकडे गेलेल्यांना असं वाढतात, म्हणाला.

तिने कप परत बशीशेजारी ठेवला.

तेविसाव्या दिवशी सकाळी वेगळाच निरोप आला. आज निघा. व्हँकुव्हरला तिसरा पायलट चढेल, तिथून बीजिंग. साहेब विमानात आहेत. यादीवर सही करून पाठवा.

गंधारने मागे वळून पाहिलं. सपाता जागच्या जागी होत्या. विमानात तिघंच माणसं होती. या सहीचा अर्थ त्याला कळत होता. फांग देमिंग नावाचा माणूस आपल्या पायांनी चढून कॅनडातून गेला, असं तो कॅप्टन म्हणून लिहून देणार होता. मग इथे त्यांना कुणी शोधणार नाही. घरचे तिकडे दारं ठोठावत बसतील. सही नाही केली तर हे आपलं शेवटचं उड्डाण.

त्याने पेन काढलं तशी लिन दारात आली. आज ती थेट त्याच्याशीच, मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलली.

"कॅप्टन, नाव खोडू नका. ते रोज इथे येत होते, घरी जायला. तुम्ही त्यांना सांगितलंत की ते मेलेत. आता ते जिन्याखाली उभे आहेत. नाव नसेल तर चढणार कसे?"

"तुमच्याकडे अशा माणसाला घरी कसं नेतात?" गंधारने विचारलं.

"घरचं कुणीतरी नावाने हाक मारत पुढे चालतं. सगळी वाट."

"कागद लागतो?"

तिने मान हलवली. नाही.

गंधारने यादीतल्या नावावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, प्रवासी कुणीही नाही, सही केली, विमानतळाच्या ऑफिसचा शिक्का घेऊन एक प्रत तिथेच ठेवली आणि दुसरी बीजिंगला पाठवली. उत्तर यायला तीन मिनिटंही लागली नाहीत. व्हँकुव्हरला विमान दुसऱ्या कॅप्टनकडे सोपवा, तुमचा करार संपला. झाओने ते वाचलं आणि पट्टा बांधला.

मग गंधार दाराशी गेला. बाहेर मॅपलच्या पानांवर नुकता कुठे रंग चढत होता, वारा अजिबात नव्हता. लिनने दोनदा हाक मारली, त्यांच्या भाषेत, आईने पोराला जेवायला बोलवावं तशी. तिसऱ्यांदा तोही म्हणाला, "फांगसाहेब, चला. घरी चला."

जिन्याची पहिली पायरी दबली. मग दुसरी. तिसरीशी जरा थांबणं झालं, दम लागलेल्या माणसाचं असतं तसं. गंधार अंग चोरून बाजूला झाला. त्याच्या हातावरून गार काहीतरी गेलं. लिनने मान झुकवली आणि दार ओढून घेतलं.

नदी ओलांडून विमान पश्चिमेला वळलं, तेव्हा मागून लिनचा आवाज येत होता. थांबत थांबत ती कुणाला तरी काहीतरी सांगत होती, मध्येच ऐकून घेत होती, पुन्हा सांगत होती. कालपर्यंत तिचं प्रत्येक वाक्य झाओने इंग्रजीत करून दिलं होतं. आज तो समोरच्या आकाशाकडे बघत राहिला, आणि गंधारनेही विचारलं नाही.