बिनबॅटरीचा आवाज

चिंचाळवाडीच्या पत्र्याच्या हॉलमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. निलंग्याकडून दोन जीपा भरून आल्या होत्या. लातूरला पोरं क्लासला ठेवलेले आईबाप सीईटीचा निकाल विचारायला आले होते. पण जास्त गर्दी होती ती भूकंपात माणसं गमावलेल्यांची. तेरा वर्षं झाली होती. घरं नवी आली, गाव नव्या जागी वसलं, पण गेलेल्यांशी बोलायचं राहून गेलं होतं ते राहूनच गेलं होतं.

लाल गालिच्यावर, मधोमध, एक जुना लाकडी रेडिओ ठेवला होता. शेजारी आकाशबाबा बसला होता. कपाळभर भस्म, मनगटात डिजिटल घड्याळ.

"देह जातो, ध्वनी राहतो!" बाबा गरजला. "शास्त्रज्ञ सांगत्यात, आवाज मरत न्हाई, अंतराळात फिरत ऱ्हातो. अमेरिकावाले मोठमोठ्या ताटल्या लावून ऐकायला बसलेत, अन् हितं ढिगाऱ्यातून निघालेला रेडिओ फुकट ऐकवून राहिलाय! वायर हाय का? बगा! सेल हाय का? बगा!"

त्यानं रेडिओची पाठ उघडून सगळ्यांना दाखवली. सेलची खोबण रिकामी होती. पाठ लावली, बटण फिरवलं. आधी खरखर आली आणि मग त्या खरखरीतून एक कोवळा आवाज फुटला.

"आये... आये गं..."

मकसूदच्या शेजारी बसलेली केवळाबाई पुढं वाकली. "बोल रं माझ्या लेकरा!"

"आये, मी बालाजी. सुया टोचून घेऊ नको गं. हितून मला बगवत न्हाई. बाबाचं पाणी पी."

हॉलमध्ये हुंदके फुटले. मकसूदच्या अंगावर काटा आला होता, पण तो बालाजीच्या आवाजानं नव्हे. तो रेडिओ कसा बोलतो हे त्या हॉलमध्ये बाबाखालोखाल त्यालाच ठाऊक होतं.

मकसूदचं लातुरात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वडिलांपासून चालत आलेलं. भूकंपाच्या आठ दिवस आधी केवळाबाईचा बारा वर्षांचा बालाजी बापाबरोबर येऊन ट्रान्झिस्टर दुरुस्तीला टाकून गेला होता. दुरुस्त झालेला सेट न्यायला पुढं दोन महिन्यांनी केवळाबाई एकटीच आली. मकसूदनं पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून दरवर्षी हरभरा आला की बाई एसटीनं टहाळ घेऊन दुकानात यायची, "लेकरा, खा" म्हणायची. बाबाकडं तिनंच त्याला ओढत आणलं होतं. "तुला रेडिओतलं कळतं. तू बगच एकदा."

आणि आता ती पदरानं डोळे पुसत विचारत होती, "ऐकलास न्हवं? किती गोड बोलतंय."

तिच्या उजव्या पायाला चिंधी बांधलेली होती. "जखम हाय जरा, भरंना झालीय," ती म्हणाली. "महिना झाला साखरेचं इंजेक्शन सोडून. लेकरूच नको म्हणतंय, मग कसं घ्यावं?"

मकसूदनं तोंड उघडलं. पण शब्द आला तो वेगळाच. "येतो मावशी. एसटी चुकंल."

लातुरात तेव्हा क्लासेसचं पीक आलं होतं. दोनदोनशे पोरांच्या वर्गांना माइक लागायचे, ॲम्प्लिफायर लागायचे, आणि ते बसवून मकसूदला बरे दिवस आले होते. त्या बऱ्या दिवसांतच त्याला इंटरनेटचा नाद लागला. मुनीबच्या कॅफेत बसून तो रोज एक तास जुन्या रेडिओंच्या शौकिनांच्या फोरमवर जायचा. देशभरातले छंदी लोक तिथं आपापली दुखणी मांडायचे. कुणाच्या सेटमधून घूं असा आवाज यायचा, कुणाला जुना काचेचा व्हॉल्व्ह मिळत नसायचा. दहावी नापास मकसूदला तिथं इंजिनियर लोक 'उस्ताद' म्हणायचे. बायको अफसाना चिडवायची, पण तो शब्द त्याला बिर्याणीपेक्षा गोड लागायचा.

फोरम मात्र महाबिलंदर होता. अर्धा तास खपून उत्तर लिहावं, बटण दाबावं, की 'तुमची वेळ संपली, पुन्हा प्रवेश करा.' फोटो चढवावा तर नव्वद टक्क्यांवर अडकायचा. मराठीत लिहावं तर अक्षरांचे चौकोन व्हायचे. मकसूद कीबोर्डवर मुठी आपटायचा आणि मुनीब ओरडायचा, "भाई, वो मेरा है!"

वर्षभरापूर्वी 'रंगमंच' असं नाव घेतलेल्या एकानं तिथं विचारलं होतं: नाटकात रेडिओ बोलायला हवा, पण वायर दिसता कामा नये. काय करावं? मकसूदच्या डोक्यात लख्ख पडलं. क्लासच्या स्पीकरची लांब वायर गुंडाळून ठेवली की शेजारच्या सेटमध्ये सरांचा आवाज घुमतो, हे त्यानं पाहिलेलं होतं. त्यानं सविस्तर लिहिलं. फोरमनं ते गिळलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा गिळलं. तिसऱ्यांदा इरेला पेटून, दात खात, आकृती काढून, ती स्कॅन करून त्यानं ते चढवलंच.

'रंगमंच'नं त्याला डोक्यावर घेतलं. मग हळूच एक प्रश्न आला: उस्ताद, कुणी पाठ उघडली तरी बॅटरी दिसू नये, असं होईल का?

मकसूद त्या ओळीवर क्षणभर थांबला होता. नाटकात रेडिओची पाठ कोण उघडतंय? पण उस्तादाला 'येत नाही' म्हणणं जमलं नाही. त्यानं लिहिलं: मोबाइलची चपटी बॅटरी घ्या, काळी टेप गुंडाळा आणि स्पीकरच्या चुंबकामागं चिकटवा. कुणाच्या बापाला दिसणार नाही.

चिंचाळवाडीहून परतताना एसटीत त्याला हेच वाक्य आठवत होतं. कुणाच्या बापाला दिसणार नाही.

घरी तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी कॅफेत गेला. त्यानं ठरवलं होतं, आधी ते उत्तर फोरमवरून काढायचं, मग पुढचं बघू. उद्या कुणी म्हणायला नको की ही करामत मकसूदची. पण फोरमनं डाव साधला. जुनं लिखाण पुसायचं बटणच गायब. चालकांना निरोप धाडला, तर 'निरोप पोचला नाही.' चौथ्या दिवशी अख्खा फोरम बंद पडला. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ: तांत्रिक अडचण, थोड्या वेळानं प्रयत्न करा. मकसूद थोड्या वेळानं प्रयत्न करत राहिला. सकाळ-संध्याकाळ. शिव्या देत, पानं पुन्हापुन्हा उघडत. असे अठरा दिवस गेले.

शेवटी अफसानानंच धरलं. "जेवत नाही, दुकानात लक्ष नाही. झालंय काय?"

त्यानं सगळं सांगितलं. सांगून वर म्हणाला, "फोरम चालू झाला की पुसतो. मग मावशीला जाऊन सांगतो."

अफसानानं लाटणं बाजूला ठेवलं. "सच बोलने कू इंटरनेट लगता क्या?"

गेले अठरा दिवस तो फोरमवर चिडत होता, आणि ते चिडणं त्याला फार सोयीचं होतं, हे त्याला त्या वेळी पहिल्यांदा कळलं.

सकाळची पहिली एसटी धरून तो चिंचाळवाडीला गेला. केवळाबाईच्या दाराला कुलूप होतं. शेजारचे शेषेराव म्हणाले, "तिला परवा लातूरला नेलं. तापानं फणफणली होती. पाय पार काळा पडला म्हणं."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई त्याला केवळाबाईचा नातेवाईक समजल्या. "दोन बोटं काढावी लागली. साखर भयंकर वाढलेली. पंधरा दिवस आधी आणलं असतं तर बोटं वाचली असती. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"आलं होतं," मकसूद म्हणाला. "लक्षात आलं होतं, मॅडम."

खाटेवर केवळाबाई ग्लानीत होती. त्याला बघून पुटपुटली, "लेकरा, बालाजीला सांग, मी सुई घेतली न्हाई. ह्यांनीच टोचली."

मकसूद बाहेर येऊन जिन्यात बसला आणि पोटभर रडला. मग उठला तो थेट मन्मथ सरांकडे गेला. मन्मथ सर चिंचाळवाडीचेच. लातुरात फिजिक्सचे क्लास घ्यायचे, आणि त्यांच्या वर्गाचा माइक मकसूदच बघायचा. सरांनी सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला. "वीस वर्षं मी हेच शिकवतोय, मकसूदभाई. आणि माझी सख्खी चुलती त्या बाबाचं पाणी पिते. मला वाटायचं, आपण कशाला कुणाची मनं दुखवायची." मग ते म्हणाले, "म्हंजे गप्प बसणारे आपण दोघं. चला."

रविवारी दोघं हॉलमध्ये पोचले तेव्हा रेडिओ बोलायला लागला होता. गालिच्याच्या कडेला मकसूद मांडी घालून बसला. मांडीवर एक प्लास्टिकचा जेवणाचा डबा.

"दादा, मी गंगू," रेडिओतून नाजूक आवाज आला. आणि लगेच मकसूदच्या डब्यातूनही आला, "दादा, मी गंगू."

बाया दचकून सरकल्या. बाबाचे डोळे मोठे झाले.

"हे काय? कोण तू?"

"मी कुणी न्हाई, बाबा," मकसूद म्हणाला. "पण गंगू माझ्या डब्यात कशी आली? ह्यात तर कालवण होतं."

कुणीतरी फिसकन हसलं. बाबानं सावरलं. "आत्मा हाय! कुठंबी संचार करतो!"

"असं का? मग उंबऱ्याबाहेर का करत न्हाई?" मकसूद उठला, डबा घेऊन ओसरीवर गेला. डबा मुका झाला. आत आला, डबा बोलला. बाहेर गेला, मुका. "आत्म्याला ऊन लागतं का काय?"

आता हसू मोठं झालं. तेवढ्यात मन्मथ सरांनी गालिच्याची कड धरून वर उचलली. खाली फरशीला चिकटवलेली, बोटाएवढ्या जाडीची पट्टी. पट्टी ओढली तशी आतून तांबड्या वायरीचे वेढेच्या वेढे निघाले. हॉलला गोल फेरा मारून ती वायर मागच्या खोलीच्या भिंतीत शिरत होती. चारपाच गडी धावले, दार ढकललं. आत एक बाई ओठाशी माइक धरून तशीच थिजली होती. पुढ्यात ॲम्प्लिफायर आणि शाळेची वही. वहीत नावं होती: कोण कुठला, घरातलं कोण गेलं, लाडकं नाव काय, दुखणं काय. रांगेत बसलेल्यांना जो माणूस आपुलकीनं चहा द्यायचा, विचारपूस करायचा, अक्षर त्याचं होतं.

मकसूदनं लाकडी रेडिओ उचलला. बाबा अंगावर आला, पण शेषेरावांनी त्याला दंडाला धरून बसवलं. मकसूदनं स्पीकर सोडवला. चुंबकामागं, काळ्या टेपमध्ये, मोबाइलची चपटी बॅटरी.

"ह्या जमिनीतल्या वायरीतून आवाजाची वीज फिरते," तो म्हणाला. "तिच्याभोवती चुंबकाची लाट उठते. डोळ्याला दिसत न्हाई. पेटीत बारीक तारेचं वेटोळं असतं, ते ती लाट धरतं आणि बॅटरीच्या जोरावर बोलतं. वायरीच्या रिंगणात हाय तवर बोलतं, बाहेर गेलं की गप. माझ्या डब्यातबी तेच हाय. हे घ्या, उघडून बगा. कुणीबी बगा."

डबा हातोहात फिरला.

"तुला कसं म्हाईत एवढं?" शेषेरावांनी विचारलं.

इथं तो हुशार म्हणून मिरवू शकला असता. सर तसंच सांगायला पुढंही झाले होते. मकसूदनं त्यांना हातानं थांबवलं.

"कारण ही युक्ती माझी हाय. ह्या माणसानं नाटकाच्या नावाखाली इंटरनेटवर विचारली, मी सांगितली. बॅटरी कुठं लपवायची तेबी मीच सांगितलं. शंका आली होती, तरी सांगितलं. कारण त्यानं मला उस्ताद म्हणलं. आणि महिन्याभरापूर्वी मी हितंच बसलो होतो. सगळं वळखलं, आणि भ्यालो. केवळामावशीची बोटं त्यात गेली."

मग मागून कुणीतरी म्हातारं ओरडलं, "म्हंजे चोर तूच की!"

"चोर तो. किल्ली माझी," मकसूद म्हणाला. मान खाली घालून उभा राहिला. एक चप्पल येऊन त्याच्या खांद्याला लागली. त्यानं ती उचलून दाराशी नीट ठेवली.

बाबाला पोलिसांनी नेलं. मूळचा तो नरसिंग नावाचा, कुठल्याशा नाटक कंपनीत आवाजाची यंत्रं सांभाळणारा निघाला. गाव दोन दिवस हेच बोलत होतं. पण मकसूदचं खरं काम राहिलं होतं.

केवळाबाई आता शुद्धीवर होती. तिच्या खाटेशी बसून त्यानं सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. अठरा दिवसांचंही सांगितलं. ती छताकडं बघत ऐकत होती.

"म्हंजे त्यो न्हवता," ती म्हणाली.

"न्हवता, मावशी."

"तेरा वर्षांत दुसऱ्यांदा गेला बग माझा बालाजी."

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. "तू जा आता."

तो गेला नाही. दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिला. संध्याकाळी नर्स सुई घेऊन आली, तेव्हा केवळाबाईनं आपणहून दंड पुढं केला, एवढं त्याला तिथून दिसलं.

फोरम महिन्यानं सुरू झाला. ते उत्तर पुसायचं बटणही आलं. मकसूदनं ते पुसलं नाही. त्याखाली चिंचाळवाडीची सगळी हकीकत लिहिली, स्वतःच्या खऱ्या नावानं.

त्या हिवाळ्यात केवळाबाई हरभरा घेऊन आली नाही. मकसूद दर महिन्याला तिच्या औषधाच्या बाटल्या पोचवायचा. ती घ्यायची, पाणी द्यायची, बस म्हणायची नाही. एकदा तो असाच उभा असताना पलीकडच्या वाडीची एक तरणी बाई आली. तिचं मूल दगावलं होतं. किनवटकडं कुणी एक माय आहे, ती आरशात गेलेली माणसं दाखवते, जाऊ का, म्हणून विचारायला आली होती.

केवळाबाईनं तिला जवळ बसवलं. आपला बोटं गेलेला पाय पदराखालून काढून तिच्यापुढं ठेवला.

"तुझं दुःख खरं हाय, बाय. म्हणूनच त्येंचं खोटं चालतं," ती म्हणाली. "त्ये उघडून दाखवतील ते बगू नको. झाकलेलं असंल ते उघडाय लाव. आरशामागं काय हाय, खोलीत कोण हाय, समदं इचार. इचारल्यानं देव रागवत न्हाई, फकस्त लबाड रागवतो." मग दाराशी उभ्या असलेल्या मकसूदकडं न बघताच ती पुढं म्हणाली, "आन् ज्येला म्हाईत आसंल, त्येनं त्याच दिवशी बोलावं. दुसऱ्या दिवशी न्हवं."