टाळूवरचं तेल

आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे 'हाडबाई' म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. तान्ह्या बाळाचा सांगाडा काचेच्या कपाटातून काढला की त्या दरवर्षी तीच गंमत सांगत. "जुन्या वैद्यांनी तीनशे हाडं मोजली, आजचं शास्त्र दोनशे सहा म्हणतं. बाळ दोघांचंही मन राखतं. जन्मताना जवळपास तीनशे, मग जुळत जुळत कमी होतात."

त्या दुपारी तास संपला, तेव्हा दारात पन्नाशी उलटलेली एक बाई उभी होती. गळ्यात मोजपट्टी तशीच. हातातलं शिवण टाकून आली असावी.

"मॅडम, माझा मुलगा इथं आहे."

"कुठल्या वर्षाला?"

"सव्वीस वर्षं झाली. दोन दिवसांचा होऊन गेला. मालकांनी सही करून इथं दिला आणि मला सांगितलं, पुरला. गेल्या महिन्यात ते गेले. जाता जाता बोलले."

शिंपीणबाईंची नजर कपाटावर खिळली होती.

"हाच ना?"

हा नव्हता. बाई स्वतः बत्तीस वर्षांपूर्वी विद्यार्थिनी म्हणून याच सांगाड्यावर शिकल्या होत्या.

"हो," त्या म्हणाल्या आणि कपाट उघडलं.

शिंपीणबाईंनी डोक्याभोवती पट्टी धरली. "साडेबारा इंच. मी टोपी साडेतेराची शिवली होती."

"कातडी, केस गेले की कमी भरतं."

"असेल." मग तिचं बोट कवटीवरच्या फटीशी थांबलं. "इथं तेलाचा कापूस ठेवत होते मी. खाली सारखं धडधडायचं."

"बरोबर केलंत, ताई. आमचं शास्त्र तेच सांगतं. ती टाळू दीड वर्षात भरून येते."

"याची राहिलीच म्हणायची."

पदराने डोळे कोरडे करून ती निघून गेली.

बाई मात्र घरी गेल्या नाहीत. शेजारच्या कोठारात तोंडी परीक्षेची लाकडी पेटी होती. इथं दिलेल्या चार-पाच तान्ह्यांची सुटी हाडं, चिठ्ठी नाही, काही नाही. "ओळखा पाहू" म्हणत त्यांनीच ती वर्षानुवर्षं मुलांच्या हाती दिली होती. टेबलावर कापड पसरून त्या जोड्या लावायला बसल्या. कवटीच्या बाजूची हाडं, वाटीसारखी, पातळ: डावी तीन, उजवी दोन. बोटाएवढी मांड्यांची हाडं, कुणाची कोणती, कळेना. अंधार पडायच्या सुमारास त्यांनी सगळं परत पेटीत भरलं, पण आता एकेक करून, हाताने.

शिंपीणबाई महिन्याकाठी येते. हाडबाई कपाट उघडून देतात आणि बाजूला होतात. ती त्या सांगाड्याशी हळू आवाजात बोलत असते, तेव्हा कोठाराच्या बंद दारामागून कुणीतरी ऐकतंय असं बाईंना वाटत राहतं. दाराकडे पाहायचा त्यांना धीर होत नाही.