टोरबियॉर्गच्या भिंतीवरचा पंखा

टोरबियॉर्गच्या धुराड्यातून धूर निघाला की मी कॉफीचा पहिला घोट घ्यायचे. दरीच्या पलीकडे तिचं घर, अलीकडे आमचं. ती एकटी, ऐंशी ओलांडलेली. धूर दिसला म्हणजे म्हातारी उठली. आमचा दिसला म्हणजे तिच्या लेखी आम्ही धडधाकट. हे आम्ही कधी बोललो नाही. आमच्याकडे उगाच कुणी फोन करत नाही, आणि न सांगता कुणाच्या दारात जाणं तर त्याहून नाही.

मग ऑस्लोच्या लेकीनं तिला हीट पंप बसवून दिला. बाहेरच्या गार हवेतलीच ऊब ओढून घरात सोडणारं यंत्र. तिचं लाकडं फोडणं सुटलं आणि धूर बंद झाला. मला रागच आला, कुणी तोंडावर दार लावावं तसा. शेवटी दुर्बीण काढली. तिच्या बाहेरच्या भिंतीवर यंत्राची पेटी होती, पेटीत पंखा. तो फिरताना दिसला की मी कॉफी प्यायला लागले.

त्या दिवशीही पंखा फिरत होता. पण भर दुपारी तिच्या स्वयंपाकघरात दिवा जळत होता, आणि पायरीवरच्या बर्फात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. कालही नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं. फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला.

"एइलिफ, काहीतरी झालंय तिला."

नवऱ्यानं पेपरातून मान वर केली नाही. "पंखा फिरतोय ना? मग आहे जिवंत."

"अरे शहाण्या, माणूस मेलं तरी तो फिरेल! शेगडीत लाकूड कुणीतरी घालावं लागतं. त्याला कोण घालतंय?"

त्यानं पेपर खाली ठेवला. "आणि गुन्वोर, नुसती झोपली असली तर? वर्षभर बोलणार नाही तुझ्याशी."

"नाही बोलली तर नाही. तू फोनजवळ बस."

पायानं रेटायची घसरगाडी घेऊन मी निघाले. दार नुसतं लोटलेलं होतं. उघडताच उबदार हवा अंगावर आली. थंडी असती तर निदान काही कळलं असतं.

ती टेबलाखाली आडवी होती. मी हात धरला. गरम होता. पण त्या घरात सगळंच गरम होतं, फरशी, खुर्चीचा पाय. तिच्या तोंडाशी कान नेला, तर माझीच धाप ऐकू येत होती. मी खूप घाबरले होते.

"खुबा मोडलाय," ती पुटपुटली.

मी फोनवर एइलिफला ओरडून सांगितलं, रुग्णवाहिका बोलाव.

"काल सकाळी पडले," ती म्हणाली. "खिडकीतून तुमचा धूर दिसत होता. म्हटलं, गुन्वोर उठलीय, माझ्याकडे बघेल, येईलच."

"मी बघत होते गं," मला रडू फुटलं. "पंखा फिरत होता."

"कुठला पंखा?" तिनं विचारलं.