दोन बोटांची फट

“बाबा, आमच्या वर्गाची भिंत तुम्हीच बांधलीत ना? मग ती बाहेरून वाकडी कशी?”

हा प्रश्न घरी विचारायची पैज मैत्रिणींनी आमच्या लेकीशी लावली होती. तिने तो विचारला आणि मित्रांनो, खुंटीवर लटकलेल्या माझीच मान खाली गेली. तशी ती नेहमीच खाली असते म्हणा, पण त्या संध्याकाळी शरमेने गेली!

मी एक जुना ओळंबा आहे. पितळेचा गोळा, त्याला दोरी, दोरीत ओवलेला लाकडी ठोकळा. ठोकळा भिंतीच्या माथ्याला टेकवून मला खाली सोडतात. मी भिंतीला जेमतेम शिवलो, तर भिंत सरळ. एवढंच मला येतं, पण पक्कं येतं. आधी लेकीच्या आजोबांनी मला वापरलं, मग बाबांनी. “आमचा ओळंबा खोटं बोलत नाही,” असं बाबा चारचौघांत सांगत, तेव्हा मी कसला फुगायचो!

मग ती शाळेची भिंत आली. बाहेरून मला सोडलं, तर तळाशी दोन बोटं फट. भिंत मैदानाकडे झुकली होती. दुसऱ्याच दिवशी वर पत्रे चढायचे होते. बाबांनी फट पाहिली, इकडेतिकडे पाहिलं आणि मला रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं. आतून वरच्या अंगाला गिलावा जाड थापला. वर्गातून भिंत एकदम सरळ! सगळ्यांनी वाहवा केली. मी मात्र पिशवीत. तो रुमाल आठवला की अजून लाज वाटते.

परवा बाईंनी वर्गात आमोस या प्राचीन ज्यू संदेष्ट्याबद्दल, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्या माणसाबद्दल, सांगितलं. तो साधा मेंढपाळ. त्याला दिसलं, की देव हातात ओळंबा घेऊन भिंतीपाशी उभा आहे आणि माणसांचं वागणं तपासतो आहे. बडे लोक गरिबांना तुडवत होते, वर देवापुढे गाणी गात होते. अशी वाकडी भिंत देव पाडेल, असं आमोसने बजावलं. लेक उड्या मारत घरी आली. “आमच्याकडे आहे ओळंबा!” दुसऱ्या दिवशी मला वर्गात घेऊन गेली. आतून लावलं. सरळ! टाळ्या! तेवढ्यात एक आगाऊ मैत्रीण म्हणाली, “बाहेरून लाव की.”

दोन बोटं. आणि त्याच झुकत्या भिंतीच्या सावलीत छोटी मुलं डबे उघडून बसली होती.

“उगाच मला शहाणपणा शिकवू नकोस,” त्या संध्याकाळी तिचा प्रश्न ऐकून बाबा म्हणाले. आवाज मात्र चढला नाही.

“तिच्यावर कशाला चिडता?” आई म्हणाली. “तिने नुसती दोरी धरली.”

बाबा खाली बसले. “पत्रे चढायचे होते गं. मला माहीत होतं सगळं.”

लेक त्यांच्या शेजारी टेकली. “बाबा, मला वाटलं आमोस नुसता ओरडतोय. पण शेवटी तोच सांगतो, की पडलेली झोपडी देव पुन्हा उभारेल, भगदाडं बुजवेल. म्हणजे ओळंबा काही नुसता पाडायला नसतो. पुन्हा उभं करायलाही तोच लागतो ना?”

मित्रांनो, जन्मभर ओळंबा असून हे मला कळलं नव्हतं. मला घासूनपुसून चकचकीत ठेवू नका, चालेल. पण मी दाखवलेली फट झाकू नका.

लेकीने मला खुंटीवरून काढलं आणि उभी राहिली.

“आई, बाबा, माझं ठरलंय. उद्या शाळा भरायच्या आधी मी मोठ्या बाईंना सगळं सांगणार. छोट्यांना तिथे बसू देणार नाही. बाबा, तुम्ही आलात तर आपण दोघं, नाहीतर मी एकटी. आणि नवी भिंत बांधाल ना, तेव्हा ओळंबा मी धरणार!”