पेज दिलेली टोपी

माझं डोकं देवाने बनवलं तेव्हा त्याला उन्हाची आठवण राहिली नसावी. दुपारचं ऊन डोळ्यांवर आलं की डाव्या डोळ्यासमोर नागमोडी रेघा नाचायला लागतात, आणि मग अर्ध्या तासात ओकाऱ्या. अर्धशिशी म्हणतात तिला. अशा बाईने डोंगर चढायचे नसतात हे मला आमच्या साऱ्या दिंडोशीने सांगून झालं होतं. पण मला डोंगर आवडायचे, त्याला कोण काय करणार?

आमच्या कंपनीत, म्हणजे अंधेरीला, औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायच्या खात्यात मी होते. तिथल्या दहाबारा जणांनी शहाऐंशी साली डोंगरात जायचा ग्रुप काढला. लीडर दशरथ राणे, आमचा स्टोअरकीपर. माणूस भला, पण घड्याळाचा गुलाम. पहिली ट्रिप कान्हेरीची. मी डोक्यावर पदर घेऊन गेले. पदर काय करणार, डोळे उघडेच. लेण्यांच्या वर पोचेपर्यंत माझी वाट लागली. दोन जणांना मला धरून खाली आणावं लागलं आणि सगळ्यांचा रविवार फुकट गेला.

दुसऱ्या दिवशी राणे माझ्या टेबलाशी आला. "विमलताई, राग मानू नका. पण डोक्याचं काहीतरी करा. पुन्हा असं झालं तर यादीत तुमचं नाव नाही."

राग मी मानलाच. पण तो खोटं बोलत नव्हता, म्हणून जास्त आला.

त्या रागातच मी टोपी शिवली. मिस्टरांच्या जुन्या खाकी पँटचं कापड घेतलं, वर कटोऱ्यासारखा भाग, आणि त्याला चारी बाजूंनी चार बोटं रुंद झालर. हनुवटीखाली बांधायला नाडी. आरशात पाहिलं तर मी वनखात्याच्या गार्डासारखी दिसत होते. मला बरं वाटलं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. मालवणकडच्या, तीस वर्षं मुंबईत राहूनही बोली तसूभर हलू न दिलेल्या. "काय गो, मडमीण होतलंस? बायल माणसान टोपी घालूची? लोक हसतले."

"हसू देत, आई. लोकांचं डोकं दुखत नाही ना."

"मगे घराकच रव."

मी घरात राहिले नाही. टोपी घालून जोगेश्वरीच्या लेण्यांपर्यंत चालत गेले आणि आले, मग एक दिवस आरेतल्या टेकडीवर. टोपीचे गुण कळले तसे अवगुणही कळले. सावली झकास पडायची. बोरं वेचायला ती टोपली व्हायची, चूल पेटवायला पंखा आणि बसायला आसन. पण घामाने भिजली की झालर खाली लोंबायची आणि पुढचं दिसेनासं व्हायचं. वारा आला की तीच झालर उलटी होऊन कपाळावर चिकटायची, आणि ऊन थेट डोळ्यांत. आत जाड कापड घालून पाहिलं तर डोकं उकडून निघालं.

एका संध्याकाळी कामावरून आले तर टोपी दोरीवर वाळत होती. हात लावला तर झालर ताठ, पापडासारखी. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "पेज दिली तिका. तुझ्या त्या वाकड्या टोपयेकडे बघून माझाच डोक्या दुखूक लागला."

उकड्या तांदळाच्या पेजेची खळ. पूर्वी सासऱ्यांचे धोतर-सदरे त्या अशाच ताठ करायच्या. इतकं सुरेख काम आणि वर टोमणाही. मी नुसतं "बरी झाली" म्हटलं आणि चहा ठेवायला गेले. मनातून मात्र फार आनंद झाला होता.

जानेवारीच्या शेवटी दोन दिवसांचा कॅम्प ठरला. वनखात्याची परवानगी काढून शनिवारी जंगलातल्या एका वारली पाड्यावर मुक्काम, आणि रविवारी डोंगराच्या धारेवरून चालत पलीकडे मुलुंडला उतरायचं. धारेवर तीन तास झाड नाही, म्हणजे भर दुपारचं उघडं ऊन. राणेने माझं नाव यादीत लिहिलं, पण पुढे कंसात "टोपी" असं लिहिलं. मी ते वाचलं आणि दात आवळले.

शनिवार फार छान गेला. ताठ झालर वाऱ्यात हलली नाही, घामाने लोंबली नाही, डोळ्यांवर चार बोटं सावली पक्की. राणेसुद्धा म्हणाला, "ताई, मला एक शिवून द्या." पाड्यावर कमळ नावाच्या बाईच्या अंगणात आम्ही तंबू ठोकले. पिठलंभात केला. मी लहान मुलीसारखी गाढ झोपले.

रविवारी सकाळी ओहोळावर तोंड धुवायला गेले तेव्हा टोपी कुंपणाच्या खुंटावर अडकवली होती. परत आले तर कमळची शेळी खुंटाशी मागच्या पायांवर उभी, आणि तोंडातून खाकी चिंधी लोंबतेय. मी धावले, ओरडले, ती चिंधी ओढली. हातात आला वरचा कटोरा आणि नाडी. झालर सगळी पोटात.

मी त्या शेळीला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही.

कमळने माझ्या हातातून कटोरा घेतला, उरलेल्या कडेला जीभ लावली आणि हसली. "बाय, मीठ हाय यात. भात नि मीठ. शेळी सोडंल काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या सासूबाई पेज चुलीवर ठेवली की उकळी यायच्या आधी मिठाची चिमूट टाकतात. खायची असो, आजाऱ्याची असो, हात आपोआप मिठाकडे जातो. टोपीची पेजही तशीच, मिठासकट. मला इतका राग आला की दिंडोशीला ऐकू जाईल असं ओरडावंसं वाटलं.

राणे घड्याळ बघत आला. त्याने कटोरा पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. "ताई, धारेवर मी तुम्हाला असं नेऊ शकत नाही. तिथे काही झालं तर उतरायला वाट नाही. तुम्ही इथूनच मागे जा. सहदेव सोबत येईल दिंडोशीपर्यंत."

सहदेव आमचा पॅकिंगवाला, बिचारा लगेच सॅक उचलायला लागला. म्हणजे माझ्यापायी आणखी एकाचा रविवार जाणार. आणि पुढच्या यादीत मी नाही, हे कोणी बोलायची गरज नव्हती. माझे डोळे भरून आले. चाळिशीच्या बाईने शेळीपायी रडावं याची लाज वाटली, पण आले.

तेवढ्यात मला कमळच्या कुडाशी पळसाच्या पानांचा भारा दिसला. हिरवी, रुंद, वीतभर पानं.

"राणे, मला अर्धा तास द्या," मी म्हटलं.

"आठला निघायचंय."

"साडेआठला निघा. घड्याळ काही मरत नाही अर्ध्या तासाने."

त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि सॅक खाली ठेवली. माझ्या आवाजात काहीतरी असणार.

कमळने पानं दिली, बांबूच्या बारीक काड्या तासून दिल्या. मी मांडी घालून बसले. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी गावी पूजेला सासूबाईंनी मला दोनशे पत्रावळी लावायला बसवलं होतं. लावलेली प्रत्येक पत्रावळ त्या उजेडासमोर धरायच्या. फट दिसली की फाडून टाकायच्या. "हेच्यातून आमटी गळतली. पान पानार बोटभर चढूक होया." मी तेव्हा माजघरात बसून रडले होते. आता त्याच बोटांनी मी कटोऱ्याच्या कडेला पान लावलं, त्यावर बोटभर दुसरं चढवलं, काडी टोचली, टोक आत वळवून दाबलं. असं गोल. मग वरून दुसरा थर, पहिल्याच्या सांध्यांवर. झाल्यावर उजेडासमोर धरलं. एक फट दिसली. मी ते पान फाडून पुन्हा लावलं.

आठ पंचवीसला टोपी डोक्यावर होती. सगळे हसले. सहदेव तर म्हणाला, "ताई, वर भात वाढू काय?" हसोत. मी नाडी बांधली आणि चालायला लागले.

धारेवर आलो तेव्हा बारा वाजले होते. एका बाजूला तुळशी तलाव, दुसऱ्या बाजूला मुलुंडची घरं आणि लांब खाडीची चकाकी. ऊन नुसतं ओतत होतं. मी डाव्या डोळ्यासमोरच्या रेघांची वाट बघत होते. एक वाजला. रेघा नाहीत. पानांखाली हिरवट, थंड उजेड होता आणि पळसाचा ओला वास. दीड वाजता राणे मागे वळून म्हणाला, "डोकं?"

"जागेवर आहे."

दोन वाजता मला खात्री पटली आणि मी तिथेच दगडावर बसून मोठ्याने हसले. इतकी सुखी मी बऱ्याच वर्षांत झाले नव्हते. मुलुंडला उतरेपर्यंत पानं वाळून कुरकुरायला लागली होती, पण तोपर्यंत सूर्यही उतरला होता. बसस्टॉपवर राणेने खिशातली वही काढून पुढच्या ट्रिपच्या पानावर माझं नाव लिहिलं. या वेळी पुढे कंस नव्हता.

घरी सासूबाईंनी पहिलं विचारलं, "टोपी खंय?"

मी पानांचा तो गोल त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. वाटेत ठरवलं होतं की मिठावरून भांडायचं. पण त्यांनी टोपी उचलली आणि दिव्यासमोर धरली. फट शोधत होत्या. सापडली नाही.

"पेजेत मीठ घातलं होतंत ना, आई?" मी एवढंच विचारलं.

"शेळी ती शेळीच, काय पण खाता," असं म्हणून त्या आत गेल्या. चार दिवस तो विषय घरात निघाला नाही.

पुढच्या रविवारी मी कटोऱ्याला नवी झालर शिवली आणि दोरीवर टाकून आंघोळीला गेले. बाहेर आले तर टोपी दोरीवर नव्हती. स्वयंपाकघरात पातेल्यात पेज रटरटत होती, टोपी ओट्यावर, आणि सासूबाई मिठाच्या बरणीकडे पाठ करून उभ्या.

माझी चाहूल लागली तशा त्या वळल्या न वळल्यासारखं करून म्हणाल्या, "बघतंस काय? ह्या खेपेक मीठ घालूचंय नाय."