आठ वाजता वर जाणारा पडदा

मी बोलतोय, गुनवूरबाईंच्या घरातला पांढरा डबा. दारातून आत आलात की कोट अडकवायच्या खुंट्या, त्यांच्याखाली बूट, आणि बुटांशेजारच्या बुटक्या कपाटावर मी. पाहुणे खुशाल माझ्यावर ओले हातमोजे ठेवतात. माझी काही तक्रार नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मला ना आवाज होता ना डोळा. माझं काम निरोप्याचं. दिवे, शेगडी, दार, पडदे कुठल्या का कंपनीचे असेनात, एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवायचा. दुकानात माझ्या शेजारी बोलके डबे होते. ते हवामान सांगायचे, गाणी लावायचे. गिऱ्हाईक त्यांच्याशी गप्पा मारायचं आणि मला उलटंपालटं करून परत ठेवायचं. आठ महिने मी फळीवर धूळ खात पडलो होतो. मला तिथून सोडवलं ते एका घरातल्या भांडणाने.

उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या हेर्नोसांद गावी, टेकडीवर, गुनवूरबाई एकट्या राहतात. वय एक्क्याऐंशी, सगळी नोकरी पोस्टात गेलेली, त्यामुळे बोलणं मोजकं. त्या शरद ऋतूत पायरीवरून घसरून त्यांचं मनगट मुरगळलं. मुलगी इल्वा योतेबोरीहून आली ती पर्समध्ये वृद्धाश्रमाचा अर्ज घेऊनच. मुलगा तोर्केल ऊमेओहून आला. तो म्हणाला, आधी घर जरा हुशार करून बघू, आई इथेच राहील. शेवटी ठरलं ते असं: एक हिवाळा बघायचा, नाही जमलं तर अर्ज भरायचा.

मग खरं भांडण जुंपलं. हुशार करायचं, पण कुठल्या कंपनीचं? तोर्केलला सगळं आपल्या फोनच्या कंपनीचं हवं होतं, इल्वाला तिच्या. या दोन कंपन्यांचं एकमेकींशी सख्ख्या जावांइतकंच पटतं. इल्वाला स्वयंपाकघरात कॅमेरा हवा होता आणि तोर्केलला बोलका डबा. कॉफीची तिसरी किटली झाली, दालचिनीचे बन संपले, तरी दोघं आपापल्या फोनवर बोट आपटत होती.

गुनवूरबाईंनी कप खाली ठेवला.

"राहणार मी आणि भांडताय तुम्ही. आता माझं ऐका. मला बघणारं काही नको, माझं ऐकणारं काही नको. आणि जे लावाल त्याला हाताने दाबायचं बटण पाहिजे. जमत असेल तर करा, नाहीतर माझी मी समर्थ आहे."

एवढ्या अटींत बसणारं आणि दोन्ही फोनांना चालणारं स्थळ एकच निघालं, ते म्हणजे मी. बोलका नव्हतो म्हणून दुकानात पडून राहिलो, आणि बोलका नव्हतो म्हणूनच मला घर मिळालं. हे उपकार मी विसरलेलो नाही.

तोर्केलने एक अख्खा शनिवार गुडघ्यांवर रांगत सगळं जोडलं. शेगडी विसरली तर मी ती बंद करायची. पाऊल पडलं की बोळातला दिवा लावायचा. आणि आईचा खांदा दुखतो म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा सकाळी ठीक आठला वर गुंडाळायचा. पडद्याचं बटण त्याने बोळात, स्वयंपाकघराच्या चौकटीवर बसवलं. गुनवूरबाई नुसतं "बरं" म्हणाल्या. मी मात्र फुशारून गेलो होतो. तीन महिने एकाही सकाळी माझ्याकडून मिनिटाचा उशीर झाला नाही.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी सातच्या सुमाराला बाई वर्तमानपत्र आणायला निघाल्या आणि बोळातल्या गालिच्यात पाय अडकून पडल्या. माझ्यासमोरच. खुब्याचं हाड मोडलं होतं. फोन आत टेबलावर राहिलेला. त्यांना उठता येईना, सरकताही येईना. मी बोळातला दिवा लावला. मला येत होतं ते एवढंच.

बाई ओरडल्या नाहीत. थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, "आठ वाजू देत. पडदा वर गेला नाही की हाल्वर येईल."

मला काही कळलं नाही. हाल्वर म्हणजे रस्त्यापलीकडचे शेजारी, कागदगिरणीतून निवृत्त झालेले, चौऱ्याऐंशीचे. बाईंच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांचा माझ्या पडद्याशी काय संबंध?

आठ वाजले. मी पडद्याला निरोप धाडला. मोटर घरघरली, आणि पडदा आता आपोआप वर जातो हे आठवून बाईंनी मान उचलली.

"नको," त्या म्हणाल्या. "नको रे वर जाऊ."

पडदा वर गेला. माझ्यासारख्याला 'नको' ऐकून थांबता येत नाही. ऐकणारं काही नको, ही त्यांचीच तर अट होती. समोर हाल्वरनी खिडकीतून पाहिलं, पडदा वर आहे, म्हणजे बाई उठल्या. ते निश्चिंत मनाने स्की खांद्यावर टाकून रानाकडे निघून गेले.

तेव्हा मला सगळं उमगलं. दोघांचे जोडीदार गेल्यापासून अकरा वर्षं हा पडदा म्हणजे त्यांचा सकाळचा निरोप होता. पण तो त्यांनी एकमेकांजवळही कधी बोलून दाखवला नव्हता. आमच्याकडे तशी रीत नाही. मी तुझ्यावर लक्ष ठेवतो, असं म्हणणं म्हणजे तू म्हातारी झालीस असं तोंडावर सांगणं. ज्याची वाच्यता कधी झालीच नाही ते तोर्केलला कोण सांगणार? मी निरोप्या म्हणून मिरवत होतो आणि त्या घरातला सगळ्यात जुना निरोप मीच खोटा केला. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

बाई मात्र पोस्टातल्या. पत्ता चुकलेलं पत्र त्या तसंच सोडून देत नाहीत. खूप वेळाने त्यांचा हात बुटांमध्ये पडलेल्या, बूट चढवायच्या लांब लाकडी शूहॉर्नला लागला. त्याच्या टोकाने त्या चौकटीवरचं बटण दाबू लागल्या. पाच वेळा चुकलं. सहाव्या वेळी दाबलं गेलं, आणि मी पडदा इतक्या घाईने खाली सोडला की मोटर कुरकुरली.

साडेदहाला हाल्वर परतले. अकरा वर्षांत भरदिवसा कधी खाली न आलेला पडदा त्यांनी पाहिला. पायांतली स्की त्यांनी रस्त्यातच टाकली. दार उघडून ते बाईंजवळ खाली बसले, रुग्णवाहिकेला फोन केला आणि आपला कोट काढून त्यांच्या अंगावर घातला.

"एवढा उशीर?" बाई म्हणाल्या.

"पडदा वर होता," हाल्वर म्हणाले.

बाई दवाखान्यात असताना मुलं आली. इल्वाने अर्ज टेबलावर ठेवला. तोर्केल तर मला उपटून फेकायलाच निघाला होता. पडद्याची मोटर आपण बसवली हे त्याच्या जिवाला लागलं होतं. तेवढ्यात हाल्वर खिडकीतल्या जिरेनियमला पाणी घालायला आले. त्यांनी टोपी हातात घेतली आणि अकरा वर्षांची गोष्ट चार वाक्यांत सांगून टाकली. त्यांचे कान लाल झाले होते.

"डब्याची चूक नाही," ते म्हणाले. "आमची आहे. आम्ही कुणाला सांगितलंच नाही."

इल्वाने खिडकीतून समोरच्या घराकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "पण काका, तुम्हीही एकटेच. असा एखादा डबा तुमच्या घरी नको का?"

"मला कशाला?" हाल्वर म्हणाले. "माझ्या खिडकीकडे गुनवूर बघते की. ती इथे नसेल तर कोण बघणार?"

इल्वाने अर्ज घडी घालून परत पर्समध्ये ठेवला. तो पुन्हा बाहेर आला नाही.

एप्रिलमध्ये बाई घरी आल्या. गळ्यात एक बटण अडकवायला त्या कुरकुरत का होईना तयार झाल्या. ते दाबलं की मी दोन्ही मुलांना आणि हाल्वरना एकदम कळवतो. गालिचा माळ्यावर गेला. मला कुणी फेकलं नाही, माझ्यावर कुणी रागावलं नाही. ज्या घरात मी एवढी मोठी चूक केली त्याच घराने मला ठेवून घेतलं. माझ्यासारख्याने याहून जास्त काय मागावं?

तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद आणणार असाल, तर कंपनी कुठलीही निवडा. फक्त एखादं काम त्याच्यावर सोपवण्याआधी विचारा, हे काम रोज कुणासाठी होत होतं.

इथे पडद्याचं काम आता माझ्याकडे नाही. सकाळी आठच्या सुमाराला, कधी पाच मिनिटं आधी, कधी दहा मिनिटं उशिरा, बाई चाकांचा वॉकर ढकलत खिडकीशी जातात आणि दुखऱ्या खांद्याने दोरी ओढतात. समोरचा पडदा वर गेलेला असतो. हाल्वर कप उंचावतात. बाई मान हलवतात आणि मग कॉफी करायला वळतात.